सिंकची आवक-जावक

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारची रात्र. जेवणे आटोपली होती, ओटा पुसून झाला होता, आई टीव्हीपुढे बसली होती आणि स्वयंपाकघरात डिशवॉशर आपला एकटाच घुरघुरत होता. पाणी प्यायला म्हणून मी आत गेलो तर सिंकच्या जाळीतून फेसाळ, तपकिरी पाणी हळूहळू वर चढताना दिसले. नळ बंद होता. सिंक तुंबले म्हणावे तर वरून कोणी काही ओतलेच नव्हते. पाण्यावर तेलाचे गोल डोळे तरंगत होते आणि दुपारी आमच्याकडे बांगड्याचे हुमण झाले होते हे वासावरून वाटेवरच्या माणसानेही सांगितले असते. माझ्या डोळ्यांदेखत पाणी काठापासून चार बोटांवर आले, थांबले, आणि मग लांब ढेकर दिल्यासारखा आवाज करून निम्मे खाली गेले.

मी बी.ए. केले ते मराठी घेऊन. संतवाङ्मयाचा पेपर चांगला गेला होता. सिंकखालचे दार उघडून आत काय आहे हे मात्र मी त्या रात्री, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा नीट पाहिले. हे काही अभिमानाने सांगत नाही. ते दार रोज उघडणाऱ्या दोन बायका घरात आहेत, आणि 'पाणी अलीकडे सावकाश जाते' हे बायको दिवाळीपासून सांगत होती. मी 'बघूया' म्हणत होतो. सरकारी कचेरीत वीस वर्षे काढली की हा शब्द तोंडातून आपोआप पडतो.

आत काय होते? राखाडी रंगाचा, पेटीवाल्याच्या भात्यासारख्या चुण्यांचा एक लवचिक पाइप, आणि त्याला आजूबाजूने चिकटलेले सगेसोयरे. डिशवॉशरची नळी त्यातच. वॉशिंग मशीनची नळी त्यातच, भोक जरा मोठे झाले म्हणून वरून चिकटपट्टी गुंडाळलेली. पाणी शुद्ध करायच्या आरओ यंत्राची पांढरी, बारीक नळी भोक पाडून त्यातच. आणि सिंक तर त्याचेच. चौघांचे पाणी, जायला वाट एक.

कचेरीत माझ्या टेबलावर आवक-जावकचे काम आहे. आलेल्या कागदाला शिक्का, तारीख, क्रमांक; कोणी आणला, किती वाजता आणला, सगळे चोख. जावकच्या वहीकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. कागद दारातून बाहेर पडला की सुटलो, अशी एकूण भावना. डिशवॉशर घेतला तेव्हा आम्ही घरातही नेमके हेच केले. २०२० च्या टाळेबंदीत भांडी घासणारी बाई येईनाशी झाली, ती पुढे आलीच नाही. आईचे गुडघे गेलेले, बायको शाळेत शिकवते. तेव्हा २०२१ च्या चतुर्थीला यंत्र आणले. आणताना काय काय विचारले म्हणता! ताटे किती मावतात, कढई बसते की नाही, वीज किती खातो, नळाला जोर किती लागतो, हुमणाचा पिवळा डाग जातो का. पाणी जाणार कुठे, हे कोणीच विचारले नाही. बसवायला आलेल्या माणसाने विचारले तेव्हा मी सिंकखाली बोट दाखवले. त्याने भोक पाडले, नळी खोचली, सही घेतली, गेला.

(या यंत्राची गंमत अशी की ते एका बाईच्या डोक्यातून निघाले. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रन यांना १८८६ साली त्याचे पेटंट मिळाले. नोकरमाणसे किमती चिनी मातीची भांडी फोडतात हे त्यांचे दुखणे होते. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी यंत्र मांडले. विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली. घरोघर यंत्र पोचायला पुढे बरीच वर्षे लागली. पहिली गिऱ्हाइके हॉटेले होती.)

तर पाणी वर आले. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या कंपनीचा माणूस आला. त्याने यंत्र उघडले, पंप फिरवून पाहिला, जाळी काढून पाहिली आणि म्हणाला, मशीन ओके आहे, ड्रेन आमच्याकडे येत नाही. नळदुरुस्तीच्या दुकानात फोन केला तर तिथून उत्तर, मशीनची नळी आहे ना, मग कंपनीला बोलवा. मला हे इतके ओळखीचे वाटले की राग येण्याऐवजी घरच्यासारखे वाटले. 'सदर विषय या विभागाच्या कक्षेत येत नाही' हे वाक्य मी स्वतः किती वेळा टाइप केले असेल!

आई हे सगळे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "मागीलदारी असते तर माडाला तरी लागले असते."

आमचे मूळ घर सावईवेऱ्याच्या बाजूला, कुळागराच्या काठावर. तिथे सिंक नव्हते. भांडी मागीलदारी दगडावर, गोबर आणि सोडणाने घासायची. (घाटावरच्या पाहुण्यांसाठी खुलासा: आमच्याकडे गोबर म्हणजे चुलीतली राख. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात आईने पुण्याकडच्या माझ्या एका मामीला 'ती भांडी गोबराने घास' असे सांगितले होते, तेव्हा तिचा चेहरा काय झाला ते अजून घरात सांगितले जाते.) उष्टे-खरकटे आधी गुरांच्या भांड्यात. उरलेले पाणी एका लहानशा चरातून आधी तेऱ्याला, मग केळीला आणि शेवटी माडाच्या आळ्यात. चर बुजला की कळायचे, कारण तो डोळ्यांसमोर होता; तेरे सुकले की कळायचे, कारण त्याची भाजी व्हायची. मी बालपणाचे गोडवे गायला बसलेलो नाही. त्या दगडावर बसून आईचे गुडघे गेले आणि पावसाळ्यात तिथे डासांचे राज्य असायचे. पण पाणी कुठे जाते हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. आता मी फोंड्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो, आणि आमच्या सिंकातले पाणी भिंतीत शिरल्यावर त्याचे पुढे काय होते ते मला त्या डिसेंबरपर्यंत ठाऊक नव्हते.

आता मी काय केले ते ऐका, कारण तुमच्यातले निम्मे लोक हेच करतात. पहिल्या रात्री पातेलेभर पाणी उकळून ओतले. घळघळ करीत सगळे खाली गेले. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिले. आठवड्याने पाणी पुन्हा रेंगाळले, पुन्हा पातेले. तिसऱ्या वेळी पातेल्याने काम होईना तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून पाइप साफ करायच्या पावडरीच्या दोन पुड्या आणल्या. ओतल्या, फसफसले, वाफ आली, नाकात झोंबले, पाणी गेले. तेवीस डिसेंबरच्या रात्री परत रेंगाळले म्हणून तिसरी पुडी ओतून झोपलो.

चोवीसला सकाळी साडेसातला दारावरची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या आंटी. वय सत्तरीच्या पुढे, एकट्याच राहतात, मुलगा बोटीवर. त्या भांडायला आल्या नव्हत्या. हातात पीठ लागलेले तसेच होते.

"बाब, तुमचें उदक आमच्या सिंकांत वयर येता."

मी खाली गेलो. नाताळचा आदला दिवस, टेबलावर नेवऱ्यांचे सारण, चुलीवर दोदोलासाठी काढलेला नारळाचा रस. आणि सिंक काठोकाठ भरलेले. पाण्यावर पांढऱ्या गोळ्या तरंगत होत्या, मेणबत्ती वितळून थेंब पाण्यात पडावेत तशा. खालच्या कपाटात ठेवलेले मैद्याचे दोन पुडे भिजून गेले होते. आंटी पहाटे पाचपासून बादलीने पाणी काढत होत्या. जितके काढावे तितके वरून येत होते, कारण वर आम्ही चहा करत होतो, भांडी विसळत होतो आणि आमचे पाणी किती छान जातेय म्हणून खूश होतो.

इथे खोबरेल तेलाविषयी दोन शब्द. खोबरेल साधारण चोवीस अंशांना गोठते. हे सांगायला विज्ञानाचा पदवीधर नको. डिसेंबरात न्हाणीतली तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते हे गोव्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. जी बाटली न्हाणीत गोठते तीच पाइपातही गोठणार, हे मात्र आपल्या डोक्यात येत नाही. आपल्या स्वयंपाकात तेलापेक्षाही नारळाचा रस जास्त. हुमण, सोलकढी, खतखते, उसळी, सगळ्यांच्या भांड्यांना त्याचा साय लागलेला असतो. रात्री पारा विसाच्या आसपास उतरला की ही चरबी चुण्यांच्या पाइपात वळीवळीला बसते, आणि तिच्यात शिते, कोथिंबिरीच्या काड्या आणि सुंगटांच्या मिशा अडकतात. उकळते पाणी ओतले की ती वितळते. वितळते म्हणजे नाहीशी होत नाही. ती पुढे सरकते, आणि पाणी निवले की पुढच्या पाइपात पुन्हा गोठते. डिशवॉशर दिवसातून एकदा नेमके हेच काम करतो: पन्नास-साठ अंशांचे पाणी, एका वेळी तीन-चार लिटर, पंपाच्या जोराने. पुड्यांतला कॉस्टिक सोडाही काही वेगळे करीत नाही. कॉस्टिक आणि खोबरेल यांचे मिळून काय होते? साबण. पुरे पाणी आणि ऊब मिळाली तर तो वाहून जातो, नाही मिळाली तर अर्धवट साबण होऊन दगडासारखा बसतो.

आमच्या इमारतीत तळाला दुकाने आहेत. वरच्या तिन्ही मजल्यांच्या स्वयंपाकघरांचा पाइप सरळ खाली येतो आणि दुकानांच्या छताखाली कोपरा घेऊन मागच्या बाजूला आडवा जातो. उभ्या पाइपात काही राहत नाही. जे काही साचायचे ते या आडव्या पट्ट्यात. आणि त्याच्या सर्वांत जवळचे, सर्वांत खालचे सिंक कोणाचे, तर आंटींचे. म्हणजे मी महिनाभर पातेली आणि पुड्या ओतून जे काय केले ते माझ्या सिंकची सफाई नव्हती. माझा कचरा मी एका सत्तरीच्या बाईच्या दारात नेऊन ठेवत होतो आणि तिला नमस्कारही करीत होतो.

नळदुरुस्तीचा मुलगा दुपारी आला. ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा. भारतभर नळकाम करणारे कितीतरी लोक त्या एका जिल्ह्यातून येतात. आपल्याकडे येणाऱ्यांनाही विचारून बघा, दहांतले काही तरी तिथलेच निघतील. तो आधी वर आला, कारण मोठ्या पाइपात तार घालण्याआधी वरच्या सिंकांची पाणी थांबवणे आणि ट्रॅप मोकळे करणे जरूर होते. खाली वाकून त्याने विचारले, "साहब, इसमें कुछ डाला था क्या?"

मी म्हटले, "गरम पानी."

ते खोटे नव्हते. आदल्या रात्रीची पुडी मला आठवत होती. पण बायको शेजारी उभी होती, आंटी दारात उभ्या होत्या, आणि दुकानातली पुडी ओतणारा माणूस म्हणून त्यांच्यासमोर उभे राहायची मला लाज वाटली. त्याने ट्रॅपचा खालचा पेला फिरवला. पाणी त्याच्या हातावर आले. त्याने हात झटकला, काही बोलला नाही. मग अर्ध्या मिनिटाने दोन बोटे पँटला पुसू लागला, आणि मला कळले. वीस मिनिटे नळाखाली हात धरायला लावला. डॉक्टरांकडे नेले. दोन बोटांची साले गेली. त्याचे दोन दिवसांचे काम बुडाले, त्याचे पैसे मी दिले, आणि त्याने ते घेताना 'कोई बात नहीं' म्हटले, ते मला पैशांपेक्षा जड गेले.

म्हणून या विषयावर लिहायला बसलो. एरवी सिंक हा काही सांस्कृतिक लेखाचा विषय नव्हे, असे तुम्ही म्हणाल. मला तसे वाटत नाही. लंडनमध्ये व्हाइटचॅपेल भागात २०१७ साली गटारात चरबीचा आणि ओल्या वाइप्सचा अडीचशे मीटर लांब, एकशे तीस टन वजनाचा गोळा सापडला. त्याचा तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या म्युझियममध्ये काचेत ठेवला होता. शहर काय खाते आणि काय लपवते, दोन्ही त्यात आले. आमच्या आडव्या पाइपातून त्या दिवशी जे निघाले त्याने दोन बादल्या भरल्या. पांढरे, चिकट, वर राखाडी थर. म्युझियममध्ये ठेवण्यासारखे नव्हते, पण त्यात फोंड्याचे एक वर्षाचे जेवण होते.

नाताळनंतर तोच मुलगा, बोटांना पट्टी बांधून, आमचे सिंक नीट करून गेला. या वेळी मी शेजारी मोड्यावर बसून सगळे पाहिले आणि विचारले. जे समजले ते सांगतो, कारण हे आपल्याला कोणी शाळेत सांगितले नाही.

सिंकखालची ती वाकडी नळी किंवा बाटलीसारखे भांडे म्हणजे ट्रॅप. त्यात नेहमी थोडे पाणी अडून राहते, आणि ते पाणीच गटाराचा वास घरात येऊ देत नाही. ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या एका घड्याळजीने १७७५ साली आपल्या संडासाच्या पेटंटात घातली. (त्याच साली आमचे राघोबादादा सुरतेला इंग्रजांशी तह करीत होते. कोण कशात गुंतला होता बघा.) तर यंत्राची नळी जोडायची ती या अडलेल्या पाण्याच्या अलीकडे, सिंकच्या बाजूला. पलीकडे जोडली तर गटाराची हवा थेट यंत्रात, म्हणजे धुतलेल्या ताटात. अशा जोडणीसाठी तोटी असलेले ट्रॅप दुकानात मिळतात, भोक पाडावे लागत नाही. पुष्कळदा त्या तोटीत कारखान्यातूनच पातळ पडदा असतो, तो कापायला बसवणारे विसरतात आणि मग यंत्र पाणी टाकत नाही म्हणून बोंब होते.

दुसरे, डिशवॉशरची नळी जमिनीवरून सरळ ट्रॅपला न्यायची नाही. ती आधी ओट्याच्या दगडाला टेकेल इतकी वर चढवायची, तिथे पकडीने बांधायची आणि मग खाली आणायची. हा चढ नसेल तर सिंकमध्ये पाणी साचले की ते उलटे यंत्रात उतरते. आमच्याकडे तो नव्हता. म्हणजे महिनाभर आमची ताटे शेवटी कशात भिजत होती याचा विचार मी करीत नाही, तुम्हीही करू नका.

तिसरे, वॉशिंग मशीन. ते एका दमात दहा-बारा लिटर पाणी फेकते. दीड इंची पाइपाला, त्यातून तो चरबीने अर्धा भरलेला, ते पेलवत नाही. पाणी मिळेल त्या वाटेने वर येते, आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे सिंक. शिवाय त्याची नळी पाइपात घट्ट कोंबून वर चिकटपट्टी मारली, की हवा जायला जागा उरत नाही आणि पाणी आपोआप ओढले जाऊ लागते. यंत्र भरते आहे, रिकामे होते आहे, पुन्हा भरते आहे, असा खेळ काही घरांत चालतो तो यामुळे. नळीभोवती मोकळी जागा हवी, आणि तोंड यंत्राच्या पुस्तकात दिलेल्या उंचीवर हवे. आमच्या मशीनला आता स्वतंत्र पाइप दिला, गॅलरीतल्या न्हाणी ट्रॅपपर्यंत. मजेची गोष्ट म्हणजे बिल्डरने मशीनची जागा तिथेच धरली होती. आम्हीच गॅलरीला काच लावून तिथे देवघर केले आणि मशीन स्वयंपाकघरात आणले. देव हलले नाहीत, फक्त पाइप त्यांच्या मागून गेला.

गॅलरीतला पाइप म्हणताना एक सावधगिरी. पुष्कळ जण मशीनचे पाणी सोपे म्हणून पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडतात. तो पाइप सेप्टिक टाकीकडे जात नाही, रस्त्याच्या कडेच्या गटारात जातो, तिथून ओहोळात, ओहोळातून नदीत. पणजीच्या सांतिनेज नाल्यावरून चाललेली ओरड आपण वर्षानुवर्षे वाचतो आणि महापालिकेला नावे ठेवतो. त्या नाल्यात कुणाकुणाच्या घरचा साबण आहे ते तो सांगत नाही, एवढेच.

चुण्यांचा पाइप काढून टाकला. त्याजागी दोन इंची, आतून गुळगुळीत, उताराचा. चुण्यांचा पाइप बसवायला पाच मिनिटे लागतात, म्हणून सगळे तोच बसवतात.

आणि आरओ. त्याची नळी आता सिंकखाली जात नाही, बादलीत पडते आणि त्या पाण्याने लादी पुसली जाते. खरे सांगायचे तर ते यंत्रच घरात का आहे हे मला आता सांगता येत नाही. आम्ही ओपाचे, म्हणजे खांडेपार नदीचे पाणी पितो. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तिथे आरओ वापरू देऊ नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली म्हटले होते. आपले नदीचे पाणी मुळात मऊ. त्यातले क्षार काढायला यंत्र ठेवायचे, निम्म्याहून अधिक पाणी बाहेर फेकायचे, आणि उन्हाळ्यात नळ कोरडा गेला की बांधकाम खात्याला शिव्या द्यायच्या. मेव्हण्याच्या घरी आहे म्हणून आमच्याकडे आहे, हे त्याचे खरे कारण. ते काढायचा विषय मी काढला आहे. सध्या विचाराधीन.

आता मुद्द्याचे. जानेवारीत इमारतीची बैठक झाली. आडवा पाइप साफ करायला साडेतीन हजार आले होते आणि ते आंटींनी दिले होते, कारण मुलगा त्यांच्याकडे आला होता, कारण पाणी त्यांच्याकडे आले होते. मी म्हटले, ही रक्कम सगळ्यांनी वाटून घ्यावी, वर्षातून दोनदा, चतुर्थीनंतर आणि नाताळाआधी, पाइप साफ करावा, आणि खाली मागच्या बाजूला चरबी अडवायचे लहान चेंबर बांधावे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी (निवृत्त आहेत, सज्जन आहेत, चतुर्थीला माटोळी सुरेख बांधतात) अगदी शांतपणे विचारले, "आमचे पाणी व्यवस्थित जाते. आम्ही कशाचे पैसे द्यायचे?"

या प्रश्नाला माझ्याकडे रागाचे उत्तर नव्हते, कारण महिनाभरापूर्वी मीही हाच माणूस होतो. मी त्यांना एवढेच सांगितले की तुमचे पाणी व्यवस्थित जाते ते आंटींच्या सिंकात. कोणी तरी हसले. आंटी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आपल्याला पैसे नकोत, पण सणाच्या दिवशी वरून पाणी सोडायच्या आधी कोणी तरी एक फोन करावा.

माझे म्हणणे फार मोठे नाही. ज्याच्या दारात पाणी दिसते त्याचा तो त्रास, असे आपण धरून चालतो. घरात तो सिंकपुढे उभ्या असलेल्या बाईचा, इमारतीत तळमजल्याचा, गावात खाडीकाठच्या माणसाचा, आणि सगळ्यांच्या शेवटी ट्रॅप उघडणाऱ्याच्या बोटांचा. यंत्र घेताना तीस-चाळीस हजार मोजणारे आपण त्याच्या सांडपाण्याच्या वेगळ्या पाइपाला हजार-दोन हजार घालायला कुरकुरतो. बिल्डर स्वयंपाकघरात चार-चार वीजखटके देतो, पाणी जायला मात्र वाट एकच देतो, आणि फ्लॅट बघायला गेलेला एकही मनुष्य सिंकखाली वाकून बघत नाही. मीही नाही बघितले. लादी बघितली.

आणि त्या पुड्या बंद करा. मी हे हात जोडून सांगतो. गोव्यात बहुतेकांचे पाणी सेप्टिक टाकीत जाते. तिथे घाण खाणारे जे जिवाणू असतात ते या रसायनांनी मरतात आणि मग टाकीही लवकर भरते. उकळते पाणीही ओतू नका, पीव्हीसीचा पाइप साठ अंशांच्या पुढे मऊ पडतो आणि सांधे सुटतात. कढई आणि हुमणाचे भांडे धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून काढा. (वर्तमानपत्र घेत नसाल तर घ्या, त्याचा हा एक उपयोग अजून कोणी हिरावून घेतलेला नाही.) नारळाचा चोथा जाळीवर अडवा. आणि एखाद्या वेळी पुडी ओतलीच असेल, तर येणाऱ्या माणसाला दारातच सांगा, घरातले कोणीही ऐकत असले तरी.

बैठकीत ठराव झाला. अकरांपैकी नऊ घरांनी पैसे दिले, दोघांचे यायचे आहेत. चेंबरचे काम पावसाळ्याआधी व्हायचे होते, ते झाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी सिंकखाली जुना टॉवेल पसरतो, बादली ठेवतो आणि ट्रॅपचा पेला स्वतः उघडतो. पहिल्यांदा उलट्या दिशेने फिरवून आटा खराब केला होता, आता जमते. मुलगी विजेरी धरते. आई लांबून सूचना देते.

गेल्या रविवारी त्यात पाच तिरफळे निघाली. बायकोचे म्हणणे, ती बांगड्यात तिरफळे मोजून घालते आणि ताटे वाढण्याआधी मोजून काढते. चौकशी चालू आहे.